कमरेकडे जाणारा हात

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या मराठी मंडळातली कुठलीही काकू सांगेल. त्यामुळे बायकांची फ्लॅग फुटबॉलची टीम काढायचं ठरलं तेव्हा कोच कोण, यावर फार चर्चा झाली नाही. ओरडणं मला जमतं. पळणं जमत नाही, कारण उजवा गुडघा केव्हाच कामातून गेला आहे. शिवाय अमेरिकेतल्या आमच्या या ट्रॉय गावातल्या ओळखीच्या बायकांत अमेरिकन फुटबॉल कळणारी मी एकटीच.

या खेळाचं वेड मला कसं लागलं ते सांगते. नागपूरहून लग्न होऊन मी इथे आले तेव्हा नवऱ्याचा रविवार झोपण्यात जायचा. मी पोळ्या लाटता लाटता टीव्ही लावून ठेवायची आणि टीव्हीवर त्या वेळी दुसरं काही नसायचंच. इथल्या ज्या संघावर मी जीव टाकला तो त्या काळात हरायलाच मैदानात उतरायचा. मला ते बरं वाटायचं. भारतातून फोन आला की 'मज्जा आहे ना तिकडे?' असं विचारायचे आणि 'हो' म्हणावं लागायचं. रविवारी दुपारी मात्र अख्खं शहर मिळून वैतागायचं आणि त्या वैतागात मला कुणी परकी धरत नव्हतं. हळूहळू नियम कळले, डावपेच कळले, आणि मी पंचांना मराठीतून शिव्या घालायला लागले.

आमचा खेळ टीव्हीवरच्यासारखा दांडगाईचा नव्हता. फ्लॅग फुटबॉलमध्ये कुणी कुणाला पाडत नाही. प्रत्येकीच्या कमरेला पट्टा असतो आणि पट्ट्याला दोन्ही बाजूंनी कापडी फिती लटकत असतात. बॉल घेऊन पळणाऱ्या बाईची एक फीत समोरच्या टीममधल्या कुणी उपसली की तिथेच थांबायचं. फीत न देता शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन. गावाच्या पार्क विभागाच्या, बायकांच्या शनिवारच्या लीगमध्ये आम्ही नाव नोंदवलं. टीमचं नाव काय ठेवायचं यावर पुणे, मुंबई आणि नागपूर यांच्यात इतकी भांडणं झाली की शेवटी वेळापत्रकावर आमच्यापुढे नुसता नंबर छापून आला. आम्ही सगळ्या चाळिशीपुढच्या. समोरच्या टीममध्ये पंचविशीच्या शिक्षिका, नर्सेस, रोज सकाळी जिमला जाणाऱ्या मुली.

पहिल्या प्रॅक्टिसला मी हात टेकले. खेळ सुरू करताना बॉल फेकणारी 'हट' असं ओरडते आणि तिच्यापुढे वाकून उभी असलेली बाई दोन पायांमधून बॉल मागे देते. आमची बॉल फेकणारी मुंबईची, आवाज खणखणीत. ती 'हट' म्हणाली आणि पुढची बाई बॉल तिथेच ठेवून निमूटपणे बाजूला झाली.

"अगं, बाजूला काय होतेस?" मी ओरडले.

"तीच म्हणाली ना, हट म्हणून," ती म्हणाली. तिला खरंच राग आला होता.

हे दुखणं हसत हसत गेलं. दुसरं गेलं नाही. नियम असा की बॉल घेऊन पळताना स्वतःच्या फितीवर हात आणायचा नाही. आणलात तर तो फाऊल, त्याला फ्लॅग गार्डिंग म्हणतात, आणि त्यापुढे तुम्ही जे काही केलं असेल ते सगळं रद्द. फिती झाकल्या जाऊ नयेत म्हणून टीशर्टसुद्धा पँटच्या आत खोचायचा. या एका गोष्टीवरून आमच्यातल्या दोघी पहिल्याच दिवशी घरी जायला निघाल्या. "मी टक-इन करणार नाही यार, मागून कसं दिसतं ते," असं त्यातली एक मला म्हणाली. ती इथल्या एका मोठ्या कंपनीत पन्नास माणसांना कामाला लावते.

खोचले एकदाचे टीशर्ट. पण हात कुठे खोचणार? आम्ही सगळ्या टॉप खाली ओढत, ओढणी सावरत, वाकताना गळ्याशी हात धरत मोठ्या झालेल्या. कुणी कमरेच्या दिशेने हात पुढे केला की आमचा हात आपसूक खाली जायचा. त्याला विचार लागत नव्हता. समोरची मुलगी फीत उपसायला यायची, आमची बाई ती फीत तळव्याने झाकायची, शिट्टी वाजायची आणि आमची बाई विचारायची, 'मी काय केलं?' पहिला सीझन यातच गेला. आमच्या हातून एकही टचडाउन झाला नाही, आणि फ्लॅग गार्डिंग किती झाले ते विचारू नका.

मी मग बॉल दोन्ही हातांनी धरायला लावला, पोटाशी, सत्यनारायणाचा प्रसाद धरतात तसा. हात गुंतलेले असले की खाली जाणार नाहीत, एवढाच त्यामागचा विचार. मग दोन्हींतला एक सोडायचा. मग मी स्वतः लंगडत मागे लागून फिती ओढायची आणि हात हलला की ओरडायची. बायका मला कंटाळल्या, पण दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत बहुतेकींचा हात वळणावर आला. त्यात सगळ्यात आधी आला तो माझ्या मैत्रिणीचा.

ती सांगलीकडची. आमची ओळख जुनी, मुली लहान असताना एकाच प्रीस्कूलच्या दारात झालेली. बोलायला मऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती पळू शकते हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. पहिल्या प्रॅक्टिसला ती बॉल घेऊन निघाली आणि आमच्यातल्या चौघींना तिने अशा हुलकावण्या दिल्या की दोघी एकमेकींवर आपटल्या. मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"शाळेत खो-खो खेळायचे मी," ती म्हणाली. "जिल्ह्यापर्यंत गेले होते. दहावीनंतर बंद."

का बंद, ते मी विचारलं नाही. आमच्यातल्या कुठल्याच बाईला ते विचारावं लागत नाही.

इथे ती नवऱ्याच्या व्हिसावर आली, तिला काम करायची परवानगी नव्हती. पुढे तशी परवानगी मिळायला लागली तोवर मधल्या वर्षांचं काय सांगायचं, हा प्रश्न उभा राहिला आणि तिला कुणी मुलाखतीलाही बोलावलं नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत ते दोघं इतकी वर्षं उभे होते की त्याबद्दल बोलणंही त्यांनी सोडून दिलं होतं. मुलगी इथेच जन्मली, इथलीच नागरिक, आता कॉलेजात. मराठी समजते, उत्तर इंग्रजीतून देते. थोडक्यात, या देशात जे काही होतं ते नवऱ्याचं किंवा मुलीचं होतं. मैत्रिणीचं स्वतःचं असं फक्त ते पळणं होतं. हे माझ्या मनचं नाही, ती स्वतःच एकदा गाडीत म्हणाली होती, "इथे माझं काय आहे गं, तुमचा शनिवार सोडला तर."

दुसरा सीझन सुरू होता होता तिच्या नवऱ्याची नोकरी गेली. व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की मुदत सुरू होते. त्या मुदतीत दुसरी नोकरी धरा, नाहीतर देश सोडा. त्याने जंग जंग पछाडलं. दूर अ‍ॅशबर्नला एक काम होता होता राहिलं, पार्सिपनीला एक होता होता राहिलं. शेवटी तिकिटं काढली. मुलगी हॉस्टेलवर राहणार, ही दोघं सांगलीला सासरच्या घरी जाणार. सोफा एकाकडे गेला, कुंड्या माझ्याकडे आल्या.

आमची शेवटची मॅच तिच्या विमानाच्या आदल्या शनिवारी होती. मॅच जिंकायचा प्रश्नच नव्हता, आम्ही कधीच जिंकलो नव्हतो. पण टचडाउन? एक? मला तो तिच्यासाठी हवा होता, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीही हवा होता. त्या आठवड्यात बॅगा भरायच्या सोडून ती रोज संध्याकाळी माझ्या घरामागच्या गवतावर यायची आणि म्हणायची, "फेक." मी फेकायची, ती पकडायची आणि कुंपणापर्यंत पळत जायची. एकदा पळून आल्यावर धापा टाकत म्हणाली, "एकदा तरी पलीकडे जायचंय मला. एकदाच. मग काय व्हायचं ते होऊ दे."

शनिवारी मैदानावर गेलो तर रेषेपलीकडे घडीच्या खुर्च्या मांडून अर्धं मराठी मंडळ बसलेलं. तिची शेवटची मॅच आहे, असं कुणीतरी ग्रुपवर टाकलं होतं. एरवी आमच्या मॅचला कुत्रं फिरकायचं नाही. आज काका होते, काकू होत्या, थर्मासमधून चहा होता, इडल्या होत्या. तिचा नवरा पहिल्यांदाच तिचा खेळ बघायला आला होता. मुलगी कॉलेजातून गाडी चालवत आली होती. मला भरून आलं. माणसं चांगली आहेत आपली, असं मनात आलं, आणि ती चांगलीच होती, अजूनही मी तेच म्हणेन.

मॅचबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. आम्ही सपाटून मार खात होतो. पण शेवटी शेवटी समोरच्या मुली जरा सैल पडल्या, आमच्या मुंबईकरणीने दोन बरे बॉल फेकले आणि आम्ही रेषेच्या पुष्कळ जवळ गेलो. मी टाइमआऊट घेऊन सगळ्यांना गोळा केलं आणि मैत्रिणीला म्हटलं, "आता तुलाच बॉल. डावीकडे जाते असं दाखव आणि उजवीकडे वळ. तुझा खो-खो कर." ती मान हलवून गेली.

'हट' झालं. ती डावीकडे गेली, तिच्यावरची मुलगी बरोबर डावीकडे गेली, आणि ही उजवीकडे वळली. बॉल तिच्या हातात येऊन बसला. एकीला तिने हुलकावणी दिली, दुसरीला दिली. रेषेकडे, खुर्च्यांच्या दिशेने ती सुसाट निघाली. मागून तिसरी मुलगी हात लांब करून येत होती. समोर सगळे उभे राहिले होते, सगळ्यांचे फोन वर होते, आणि कुणीतरी तिला नावाने हाक मारून ओरडत होतं. मी गुडघा विसरून कडेकडेने पळत होते. तिने रेषा ओलांडली. खुर्च्यांपाशी तिच्या लेकीने दोन्ही पाय उचलून उडी मारली. माझा आवाज बसला तो तिथेच.

शिट्टी वाजली. मी मागे वळून बघितलं तर पंच फाऊलसाठी टाकतात तो पिवळा रुमाल गवतावर पडलेला. पंच म्हणजे कॉलेजातली एक पोर होती, केसांची शेपटी घातलेली.

"फ्लॅग गार्डिंग," ती म्हणाली. "सॉरी, कोच. नो टचडाउन."

डोक्यात तिडीक गेली. मी तिच्या अंगावर धावूनच गेले. पण तोंड उघडायच्या आधी मला कळलं होतं, कारण मीही बघितलं होतं. रेषेच्या चार पावलं अलीकडे, समोरची माणसं आणि फोन बघितल्यावर, मैत्रिणीचा मोकळा हात मागे गेला होता आणि तिने पळता पळता टीशर्ट खाली ओढला होता. तो मुळात खोचलेलाच होता, ओढायला काही नव्हतंच, म्हणून हात घसरून फितीवर गेला. दोन सीझन कोचिंग करून मी जो हात वळणावर आणला होता तो पुन्हा होता तसा झाला. पंचाला मी काय सांगणार होते? की तिने फीत झाकलीच नाही, तिने स्वतःला झाकलं? या नियमाच्या पुस्तकात त्याला वेगळा शब्द नाही.

मैत्रीण अजून रेषेपलीकडेच उभी होती. बॉल तिच्याकडेच होता. रद्द झाल्याचं खुर्च्यांना कळायला वेळ लागला, ते टाळ्या वाजवतच होते आणि तिला परत यावं लागलं.

"माझा हात कधी गेला?" तिने मला विचारलं.

"जाऊ दे. अजून एक चान्स आहे," मी म्हटलं.

"दुसरीला दे कुणाला तरी."

"तुलाच देणार."

"नको गं. प्लीज." तिचा चेहरा असा झाला होता की दुसरी कुणी कोच असती तर तिने ऐकलं असतं. मी नाही ऐकलं. नियमाप्रमाणे आम्ही बरंच मागे सरकलो होतो, वेळ संपत आली होती, एकच प्रयत्न उरला होता आणि तो तिचाच होता. मी तिला ढकलून पाठवलं.

बॉल तिच्याकडे नीट गेला, तिने नीट पकडला. आणि मग तिने दोन्ही हात वर केले. हात खाली जाऊ नयेत म्हणून बॉल डोक्याच्याही वर धरला, एसटीत वरचा दांडा धरून उभं राहतात तसा, आणि तशीच पळायला लागली. हात वर घेऊन कुणी किती पळणार? हुलकावणी तर देताच येत नाही, कारण हुलकावणी खांद्यांनी द्यायची असते. तरी ती निघाली, मान ताठ, नजर सरळ रेषेवर. खुर्च्यांमधून एक-दोघं हसले. तिचा अवतार तसा हसण्यासारखाच होता, त्यांना दोष देत नाही. समोरच्या मुलीला धावावंसुद्धा लागलं नाही. ती दोन पावलं पुढे आली आणि तिने झाडाचं फूल खुडावं इतक्या सहज फीत उपसून घेतली. मॅच संपली.

मॅचनंतर दोन्ही टीम रांगेने एकमेकींच्या हातावर हात मारतात. मी मैत्रिणीच्या मागेच होते. पहिल्या वेळी तिच्यामागे धावलेली ती तिसरी मुलगी आमच्यापाशी थांबली. चांगली मुलगी होती, नर्स होती बहुतेक.

"दॅट रन वॉज अमेझिंग," ती मैत्रिणीला म्हणाली. "ऑनेस्टली, आय वॉज नेव्हर गोइंग टू रीच यू."

"थँक यू," मैत्रीण म्हणाली.

म्हणजे ती मुलगी पोचणारच नव्हती. हात गेला नसता तरी फीत गेली नसती. मला वाटलं, हे या मुलीने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. मैत्रिणीने ते ऐकलं आणि पुढच्या मुलीच्या हातावर हात मारला, तिच्या पुढच्या मुलीच्या हातावर मारला, अशी रांग संपवली.

खुर्च्यांपाशी सगळ्यांनी तिला गराडा घातला. कुणी इडली पुढे केली, कुणी मिठी मारली. मुलगी म्हणाली, "आई, दॅट वॉज सो अनफेअर." नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. बिचारा मनापासून म्हणाला, "अगं, खेळच तर होता. एवढं काय लावून घ्यायचं?"

"हो ना," ती म्हणाली आणि खुर्च्या घडी करायला लागली. मी तिच्याकडून एक खुर्ची ओढून घेतली, तर तिने दुसरी उचलली. मला तिच्या नवऱ्याचा राग आला, मंडळाचा आला, त्या शेपटीवाल्या पोरीचा आला. कुणाचीच चूक नव्हती, म्हणून तर राग जास्त आला.

ती गेली. एअरपोर्टवर आम्ही मॅचबद्दल अवाक्षर काढलं नाही. वजन किती भरलं, मुलीला थंडीचे बूट घेऊन दे, कुंड्यांना जास्त पाणी घालू नकोस, एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात लीगची नोंदणी सुरू झाली तेव्हा मी सगळ्यांना मेसेज टाकला. तिघींनी हो म्हटलं. एकीची आई येणार होती, एकीचा गुडघा, दोघींनी नुसते अंगठे दाखवले आणि त्या अंगठ्यांचा अर्थ काय ते मला कळलं नाही. तिघींची टीम होत नाही. वेळापत्रकात आमच्या नंबरवर आता दुसरी टीम आहे. मी पुन्हा टीव्हीपुढे पोळ्या लाटते, पण पंचांना पूर्वीसारख्या शिव्या देणं जमत नाही.

मैत्रिणीचा फोन अधूनमधून येतो. इथे संध्याकाळ असते, तिथे सकाळ. सासूबाईंचं पथ्य, नवऱ्याची पुण्यातली नोकरी, तो शनिवार-रविवारी येतो, मुलगी फोन उचलत नाही, अशा गोष्टी होतात. परवा बोलता बोलता ती म्हणाली की घरासमोरच शाळेचं मोठं मैदान आहे, सकाळी लोकांसाठी उघडं ठेवतात, बायका फेऱ्या मारतात, तीही जाते.

मला एकदम हुरूप आला. "मग पळतेस ना?" मी विचारलं. "एवढं मोठं मैदान आहे, माझ्या घरामागल्यासारखं कुंपणाशी थांबायला नको. पळ की."



"चालते मी," ती म्हणाली. "पळत नाही गं कुणी इथे. बघतात."